गणपतीआधी ओटीवरच्या गांधीलमाश्या: कोकणातल्या बंद घराचा अनुभव

देवरूखजवळच्या वाडीतलं आमचं सासरचं घर वर्षातला बराच काळ बंद असतं. शिमगा, मे महिना आणि गणपती, एवढ्यापुरतं ते नांदतं. किल्ली बाजूच्या घरात, बाळाभाऊजींकडे. हे माझे चुलत दीर. 2025 साली गणपती लवकर होते, 27 ऑगस्टलाच. म्हणून भाऊजींनी 27 जुलैच्या रविवारी घर झाडायला काढलं आणि दुपारी त्यांचा फोन आला.

"वहिनी, घर उघडलंय, पण ओटीवर पाय ठेवायची सोय नाय. गांधील लागल्येत. कान बघा माझा, फोटो टाकलाय."

कान लालबुंद होऊन दुप्पट झाला होता. दुसऱ्या फोटोत ओटीचा डावा कोपरा होता. तक्तपोशी आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून तपकिरी-करड्या पट्ट्यांचा, जाड कागदाचा असावा तसा गोळा खाली उतरला होता, उलट्या टांगलेल्या मडक्याएवढा. त्याच्या बरोबर खाली घराचा मुख्य दरवाजा. म्हणजे गणपतीची मूर्ती, आरतीला येणारी वाडी, भजनाचे बुवा, सगळ्यांनी त्या गोळ्याखालूनच आत यायचं.

आणि या सगळ्यांच्या आधी आमचे आप्पा. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, बायपास झालेली आहे, आणि गणपतीच्या आठवडाभर आधी गावी पोचलं नाही तर मखर नीट होत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांना "यंदा उशिरा या" म्हणायची आमच्यापैकी कोणाची प्राज्ञा नव्हती.

संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपायांचा पाऊस पडला. काठीला गोणपाट गुंडाळा, रॉकेल ओता, पेटवा आणि लावा खालून. ओला पाला जाळून धूर करा. डास मारायचा फवारा मारा आणि पळा. फट सिमेंटने लिंपून टाका, आत गुदमरून मरतील. रॉकेल हल्ली मिळतं कुठे, हा प्रश्न मात्र कोणालाच पडला नाही. आमचं छप्पर कौलारू, वासे आणि रिपा जुन्या सागाच्या, माळ्यावर वर्षानुवर्षांचं सुकं सामान. मशालीने गांधीलमाश्या गेल्या असत्या, मागोमाग घरही गेलं असतं. डासांचे फवारे ज्वालाग्राही असतात, तेही आगीजवळ मारायचे नसतात. आणि फट लिंपण्याबद्दल पुढे सांगते, कारण तो सल्ला ऐकायला सर्वांत शहाणा वाटतो आणि सर्वांत वाईट आहे.

मी ठरवलं एवढंच की आधी त्या नक्की कोण आहेत ते कळू दे. आमचा पुतण्या ओंकार प्राणिशास्त्र शिकतो. त्याने भाऊजींना सांगितलं की जवळ जाऊ नका, खळ्याच्या पार टोकाला उभं राहा, मोबाइलवर झूम करून एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या, आणि ओटीवर, पडवीत, गोठ्यात आणखी कुठे काही लटकतंय का त्याचेही फोटो पाठवा. हे फोटो पुढे फार उपयोगी पडले. ज्याला ज्याला फोन केला त्याने पहिल्यांदा तेच मागितले.

ओंकारने रात्री उत्तर दिलं. गोळ्याभोवती उडणाऱ्या माश्या मोठ्या, जवळजवळ इंचभर लांबीच्या, काळपट, आणि पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा. ही व्हेस्पा ट्रॉपिका, मोठी गांधीलमाशी. गोठ्याच्या आढ्याला मात्र वेगळंच काही होतं. देठाला टांगलेली, उघडी, षटकोनी खणांची लहान करडी पोळी आणि त्यावर बसलेल्या बारीक तांबूस माश्या. ही नेहमीची छोटी गांधीलमाशी, रोपालिडिया. पडवीत अशीच दोन पोळी होती, पण ती रिकामी, खण कुरतडलेले. मोठी गांधीलमाशी याच छोट्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर धाड घालते आणि त्यांच्या अळ्या उचलून आपल्या पिल्लांना घालते. म्हणजे आमच्या पडवीत बरेच दिवस लढाई चालली होती आणि घराला कुलूप होतं. तिसरा प्रकार खिडकीच्या चौकटीत, मातीची चिकटवलेली घरटी. ती कुंभारीण, एकटी राहणारी. कोळी पकडून मातीच्या कोठीत भरते, त्यावर अंडं घालते आणि कोठी बंद करते. तिला राखायला फौज नसते, त्यामुळे ती अंगावर येत नाही. भाऊजींनी ती घरटी नंतर कालथ्याने खरवडली.

छोट्या गांधीलमाश्यांबद्दल ओंकारकडून कळलेली एक गोष्ट मला आवडली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राघवेंद्र गदगकर यांनी या रोपालिडिया मार्जिनाटावर कित्येक दशकं अभ्यास केला आहे. तिची राणी दिसायला इतर माश्यांसारखीच असते आणि वागायला चक्क गरीब. तिची पोळी आपल्याकडे वर्षभर कधीही बांधली जातात, अमुक एक हंगाम नाही. त्यामुळे "थंडी पडली की आपोआप जातील" हा परदेशी व्हिडिओंमधला दिलासा कोकणात धरून बसू नये. गोठ्यातलं पोळं उंच होतं, जनावरं आता नाहीत, त्या कोपऱ्यात कोणी जात नाही. ते राहू द्यायचं ठरलं. या माश्या परसातल्या भाजीवरच्या अळ्याही खातात.

ओटीवरच्या मोठ्या गांधीलमाश्यांबद्दल मात्र दुमत नव्हतं. झाडाच्या ढोलीत असत्या तर सोडून दिल्या असत्या. डोक्यावर हातभर अंतरावर, ढोल-ताशांच्या आणि टाळांच्या आवाजात, शंभर माणसांच्या वर्दळीत त्या राहू शकत नव्हत्या. त्यांना सर्वांत जास्त डिवचतो तो हादरा. दार आपटणं, तक्तपोशीवर ठोकाठोक, खळ्यातलं गवत काढायचा ग्रासकटर. भाऊजींना चावा बसला तो असाच. दरवाजा पावसाने फुगला होता, त्यांनी खांद्याने धक्का दिला.

सोमवारी, 28 जुलैला, फोन सुरू केले. पहिला ग्रामपंचायतीत. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा सार्वजनिक जागी असेल तर काहीतरी व्यवस्था करता येते. खाजगी घरासाठी तशी तरतूद नाही. तरीही अर्ज द्या म्हणाले. भाऊजींनी फोटो जोडून अर्ज दिला, पोच घेतली, आवक क्रमांक पडला. त्याचा एक फायदा झाला. अर्जामुळे बातमी वाडीभर गेली आणि पाखाडीने येणारी शाळेची मुलं आमच्या खळ्यातून जायची थांबली. मुलांची ती जवळची वाट होती आणि येता-जाता दगड भिरकावणं हा मुलांचा हक्कच असतो.

मग पेस्ट कंट्रोलवाले. तालुक्यात एकाने फोनवर, फोटो न बघताच, 2,000 रुपयांत "जाळून देतो" सांगितलं. त्याला नमस्कार केला. रत्नागिरीच्या एका माणसाने व्हिडिओ मागितला, आत माळा आहे का, वीज कुठून येते, विहीर किती लांब आहे, घरात मांजर आहे का, असे प्रश्न विचारले. इतके प्रश्न विचारणारा माणूस मला बरा वाटला. आधी त्याने 6,500 सांगितले. व्हिडिओ पाहून, शिडी आमची आणि मदतीला एक माणूस आमचा या बोलीवर 4,800 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,664 वर आला. त्यात रत्नागिरीहून येणं-जाणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोळं काढून नेणं धरलेलं होतं. हे शेवटचं लेखी घ्या. काही जण औषध मारून जातात आणि मेलेलं पोळं तसंच लटकत राहतं.

त्याच्याकडे परवाना मागितला. कीटकनाशक अधिनियम, 1968 खाली पैसे घेऊन पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला परवाना लागतो आणि तो राज्याच्या कृषी खात्याकडून मिळतो. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, मुदत तपासली. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोणही बघायला शिकले. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. आमच्याकडे जे वापरायचं होतं ती पायरेथ्रॉइड गटातली भुकटी होती, त्रिकोण निळा. हा गट माणसांना त्या मानाने कमी बाधतो, पण पाण्यातल्या माशांना आणि मांजरांना तो फार विषारी. विहीर आणि वहाळ यांची चौकशी त्यासाठीच होती. फवारा मारून वरून पाऊस पडला की सगळं पन्हळीतून थेट वहाळात. भुकटी आत, फटीत मारायची, बाहेर सांडू द्यायची नाही, हे तेव्हाच ठरलं.

मधमाश्या असत्या तर रस्ता वेगळा होता, हेही त्याच माणसाने सांगितलं. आग्या मोहोळ असो की सातेरी, त्यांना औषध मारायचं नाही, मधपाळ बोलवायचा. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे चौकशी केली तर जवळपासचे प्रशिक्षित लोक कळतात. पेस्ट कंट्रोलचं दुकान चालवणाऱ्याने "हे माझं काम नाही" असं कशाबद्दल तरी सांगावं, याने माझा त्याच्यावरचा विश्वास वाढला. तारीख मात्र लगेच मिळेना. गणपतीआधी सगळ्यांचीच बंद घरं उघडतात, त्याची वही भरलेली. शेवटी 16 ऑगस्टची संध्याकाळ मिळाली. 1,500 रुपये आगाऊ पाठवले.

2 ऑगस्टच्या शनिवारी आप्पांना घेऊन डोंबिवलीतल्या त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. नेहमीची तपासणी होतीच, त्यात हा विषय काढला. मला वाटलं होतं डॉक्टर हसतील. त्यांनी गोळ्यांची यादी पुन्हा काढली आणि एका नावावर बोट ठेवलं, मेटोप्रोलोल. ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी. डंखाची तीव्र ॲलर्जी झाली तर वाचवणारं औषध म्हणजे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, आणि या गोळ्या चालू असलेल्या माणसात ते कधी कधी हवं तितकं चालत नाही. म्हणून काय गोळी बंद करायची? मुळीच नाही, ती स्वतःच्या मनाने बंद करणं जास्त धोक्याचं. फक्त दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगायचं की यांना ही गोळी चालू आहे. मी गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरात लिहून आप्पांच्या पाकिटात ठेवली. पोळं निघेपर्यंत आप्पांनी गावी पाऊल टाकायचं नाही, हेही डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घेतलं. माझं ऐकलं नसतं.

डॉक्टरांनी सांगितलेलं थोडक्यात लिहिते, कारण हे कोणालाही कधीही लागू शकतं. जिथे चावली तिथे दुखणं, लाली, सूज, आणि ती सूज एक-दोन दिवस वाढतही जाणं, हे होतंच. भाऊजींचा कान तिसऱ्या दिवशी गालापर्यंत आला होता, तरी ते त्यातच मोडतं. थंड पाण्याची पट्टी, डॉक्टरांनी सांगितलेली ॲलर्जीची गोळी. चुना, कांदा, लोखंड घासणं यांत वेळ घालवू नये, आणि माती तर अजिबात लावू नये. मधमाशीची नांगी कातडीत राहते, ती नखाने लगेच खरवडून काढायची. गांधीलमाशीची राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. घाबरायचं कशाला? अंगभर पित्तासारख्या गांध्या उठल्या, ओठ-जीभ-चेहरा सुजला, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली किंवा उलट्या सुरू झाल्या तर. तेव्हा माणसाला आडवं करून पाय वर ठेवायचे, श्वास लागत असेल तर टेकून बसवायचं, उठवून चालवायचं नाही, आणि 108 ला फोन. आणि एक गोष्ट मला माहीतच नव्हती. एकाच वेळी खूप डंख बसले तर ॲलर्जी नसतानाही विष मूत्रपिंडांवर जातं. माणूस सुरुवातीला ठीक दिसतो आणि नंतर लघवी गडद, चहाच्या रंगाची होते. त्यामुळे गांधीलमाश्यांनी घेरलेल्या माणसाला बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

मधले दोन आठवडे भाऊजींनी किल्ला सांभाळला. ओटीपासून लांब, खळ्यात दोरी बांधली आणि त्यावर लाल फडकी लावली. ये-जा मागच्या दाराने. खळ्यातलं गवत ग्रासकटरने न काढता ओटीकडचं तसंच राहू दिलं. सुनंदाताईंना, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, ते वाढलेलं गवत बघवेना. "लोक काय म्हणतील" हे त्या रोज फोनवर म्हणत.

14 ऑगस्टच्या रात्री मी आणि ओंकार निघालो. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि मिनिटांत संपतं, पण आम्ही पंधरवडा आधीचे, म्हणून जागा मिळाली. 15 ला सकाळी संगमेश्वर रोडला उतरलो. घरी जायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. झेंडावंदन नुकतंच झालं होतं, हातात लाडू देऊनच बसवलं. ड्युटीवरच्या सिस्टरना सरळ विचारलं की ॲड्रेनॅलिन आहे का, रात्री कोण असतं. त्यांनी आपत्कालीन ट्रे उघडून दाखवला. विंचू आणि सापाच्या गावात त्यांना या प्रश्नाचं काहीच नवल वाटलं नाही. रात्रीचा फोन नंबर भिंतीवर लिहिलेला होता, तो घेतला. 16 ला काय होणार आहे ते त्यांच्या वहीत नोंदवलं गेलं. पण पावसाने ते एक दिवस पुढे ढकललं.

कारण 16 ला आभाळ फाटलं. गोपाळकाल्याचा दिवस, आणि दहीहंडीच्या दोऱ्यासुद्धा कोणी बांधल्या नाहीत. रत्नागिरीवाल्याने दुपारीच फोन केला. ओल्या शिडीवर आणि ओल्या कौलांखाली तो चढणार नव्हता. गांधीलमाशीपेक्षा शिडीवरून पडून माणसं जास्त जायबंदी होतात, हे त्याचं वाक्य. मला परतायची गाडी 18 ची होती आणि पोटात गोळा आला होता. पण त्याला घाई करायला लावली नाही.

17 ला दुपारी उघडीप मिळाली. तो आणि त्याचा एक माणूस पाच वाजता आले. उजेडात त्यांनी काही केलं नाही, फक्त खळ्याच्या टोकावरून बघत बसले. माश्या कुठून आत-बाहेर करतात, दुसरं तोंड आहे का. दुसरं तोंड निघालं. कोन्याखालच्या एका फुटक्या कौलातून थोड्या माश्या वर निघत होत्या. फट सिमेंटने लिंपायचा सल्ला का वाईट ते इथे कळतं. त्या आत मरत नाहीत. त्या कुरतडत दुसरी वाट काढतात, आणि ती वाट बहुतेक वेळा घराच्या आत, माळ्यावर किंवा माजघरात निघते.

तयारी अशी. घरातले सगळे दिवे बंद, कारण उजेडाकडे त्या येतात. माळ्याचं दार बंद करून फटीत ओली फडकी. भाऊजींच्या कोंबड्या खुराड्यात आणि मांजर सुनंदाताईंच्या स्वयंपाकघरात. शेजारच्या तीन घरांना दारं-खिडक्या लावून आत राहायला सांगितलं. अंगणात एक रिक्षा तोंड रस्त्याकडे करून उभी, चालक गाडीतच. मी आणि ओंकार भाऊजींच्या घरात, खिडकीच्या काचेआड. पळायची वेळ आलीच तर हात न हलवता, चेहरा झाकून, सरळ जवळच्या बंद जागेत शिरायचं. विहिरीत किंवा टाकीत उडी मारायची नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. मेलेली किंवा जखमी गांधीलमाशी चिरडायचीही नाही. त्या वासाने बाकीच्या सावध होतात.

साडेसातला पूर्ण काळोख झाला. दोघांनी जाळीचे मधपाळांसारखे पोशाख घातले, मनगटांना आणि गमबुटांना टेप गुंडाळला. बॅटरीला लाल कागद लावला होता, कीटकांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही. एकाने शिडी धरली, दुसरा चढला. लांब नळीची भुकटी मारायची पिचकारी आधी वरच्या कौलाच्या तोंडाशी, मग खालच्या. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. झालं ते इतकंच की आतून गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर आली, पाच-दहा माश्या बाहेर पडून जाळीवर आपटल्या, आणि दोघं शिडी तिथेच सोडून सावकाश मागे आले. पळाले नाहीत. अर्ध्या तासाने आणखी एकदा भुकटी. साडेनऊला ते सुनंदाताईंकडे भाकरी आणि वालाचं बिरडं जेवत होते. आम्ही मात्र रात्रभर त्या घरघरीला कान लावून होतो. पहाटेपर्यंत ती थांबली.

18 ला सकाळी सातला त्यांनी पोळं काढलं. बाहेरचं कागदी कवच पातळ सुरीने सोडवलं, आत एकाखाली एक पोळ्यांचे मजले होते, पांढऱ्या टोपणांच्या खणांनी भरलेले. सगळं दुहेरी प्लास्टिकच्या पोत्यात भरून तोंड बांधलं आणि सोबत नेलं. ओटीवर पडलेल्या माश्या हातमोजे घालून झाडून घेतल्या. हे काम कोंबड्या सोडायच्या आधी झालं पाहिजे. कोंबडीला मेलेली माशी म्हणजे मेजवानी, आणि तिच्या अंगावर औषध. भुकटी कोरड्या झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि ते फडकं टाकून द्यायचं, वहाळावर धुवायला न्यायचं नाही. बाकीचे पैसे दिले, जीएसटीचं बिल घेतलं. मला वाटलं होतं बिल मागितल्यावर तो नाक मुरडेल, पण त्याने पावतीवर औषधाचं नावही लिहून दिलं. हे नाव ठेवा, कोणाला त्रास झालाच तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

मी दुपारच्या गाडीने निघाले. त्यानंतर दोन दिवस बाहेर अडकलेल्या काही माश्या रिकाम्या कोपऱ्याशी येऊन घिरट्या घालत राहिल्या. हे होणार असं आम्हाला सांगितलेलं होतं, म्हणून भाऊजी घाबरले नाहीत. दोरी मात्र 20 तारखेपर्यंत काढली नाही. मग कौलं बदलली. फुटकी मंगळुरी कौलं सहा, गवंड्याची एका दिवसाची मजुरी, आणि फटींना आतून बसवायला बारीक गॅल्वनाइज्ड जाळी, मिळून 2,300 रुपये. लिंपण्यापेक्षा जाळी बरी, हवा खेळती राहते आणि वासे कुजत नाहीत.

आप्पा 21 ला पोचले. आप्पांनी ओटीवर उभं राहून कोपरा बघितला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी साडेपाच हजार?" मग स्वतःच खुर्ची त्या कोपऱ्यापासून लांब सरकवली. गणपतीत कोणाला काही झालं नाही. निर्माल्य आणि नैवेद्याच्या गोडाकडे छोट्या गांधीलमाश्या यायच्या, म्हणून मोदकाचं ताट झाकलेलं ठेवलं आणि सरबताचे पेले मुलांना नळीने प्यायला दिले. पेल्यात पडलेली माशी घशात चावते, ते सर्वांत वाईट.

सप्टेंबरच्या शेवटी ग्रामपंचायतीचं उत्तर आलं, की सदर मालमत्ता खाजगी असल्याने मालकाने स्वखर्चाने बंदोबस्त करावा. भाऊजींनी ते बिलासोबत फाईलला लावलं.

आता ठरलंय असं की किल्ली घेणाऱ्याने महिन्यातून एकदा घर नुसतं उघडायचं नाही, तर ओटी, पडवी, माळा आणि संडासाचं छप्पर यांवर नजर फिरवायची आणि फोटो टाकायचा. पोळं लिंबाएवढं असताना त्यावर एखाद-दुसरीच माशी असते. तेव्हा जाणकार माणसाला ते काढायला काही वेळ लागत नाही. गोठ्यातलं छोट्या गांधीलमाश्यांचं पोळं अजून आहे. दिवाळीच्या फोटोत संडासाच्या दाराशी आणखी एक दिसलं. सुनंदाताईंचं म्हणणं ते काढा, आप्पांचं म्हणणं राहू दे, आणि ओंकारने मे महिन्यात परीक्षा संपल्यावर बघू म्हटलंय. तोपर्यंत त्या दाराला कडी आहे, दुसरा संडास वापरात आहे.